एक रुपया, अनेक तिजोऱ्या

(सुवर्णमहोत्सवानिमित्त निपाणी येथे भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)





सुवर्णमहोत्सवाच्या या समारंभात चार शब्द बोलण्याचा मान मजसारख्या एका शाळामास्तरास आपण दिलात, याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. ट्रस्टचा इतिहास सांगावयास माझ्याहून अधिकारी अशी वडीलधारी मंडळी येथे बसलेली आहेत. यास्तव मी असा एक विषय घेतला आहे, की जो वरकरणी आपल्या ट्रस्टपासून फार दूरचा वाटावा. तो विषय म्हणजे एकच नाणे वापरणाऱ्या निरनिराळ्या सरकारांचे जमाखर्च आणि त्यांची कर्जे. आपण थोडा धीर धरलात तर हा विषय शेवटी आपल्याच दारात येऊन उभा राहतो, हे मी दाखवू शकेन अशी मला आशा आहे.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगतो. गेल्या वार्षिक सभेत एक सूचना आली होती. ज्या गावची वर्गणी, ती त्याच गावच्या मुलांवर खर्च व्हावी, अशी ती सूचना. बेळगाव व कोल्हापूरकडील सभासद अधिक देतात, निपाणी, संकेश्वर आणि आसपासच्या खेड्यांतील मुले अधिक घेतात, हे बरोबर नाही, असे काही सभासदांचे म्हणणे होते. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. आपल्या कष्टाचा पैसा कोठे जातो हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. निर्णय पुढील सभेवर टाकला गेला. तेव्हापासून माझ्या मनात हा विचार घोळत आहे, की थेंबे थेंबे एकत्र केलेल्या पैशावर हक्क कोणाचा?

आपल्या भागात या प्रश्नाचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. निपाणीहून निघालेली मोटार कोगनोळीचा नाका ओलांडून अर्ध्या तासात कागलला पोहोचते. समजा, दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक निपाणीत दिली, दुसरी कागलात. निपाणीच्या बहिणीला कर्नाटक सरकारच्या २०२३ साली सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेतून महिना २,००० रुपये मिळावयाचे ठरले. कागलच्या बहिणीला महाराष्ट्र सरकारच्या २०२४ सालच्या लाडकी बहीण योजनेतून १,५०० रुपये ठरले. थोरली निपाणीहून बेळगावला सरकारी बसने निघाली तर २०२३ च्या जूनपासून तिला तिकीट नाही. धाकटी कागलहून कोल्हापूरला एस. टी. ने गेली तर त्याच वर्षीच्या मार्चपासून तिला अर्धे तिकीट. ईदला किंवा उरुसाला दोघी भेटल्या की हा हिशेब निघतोच, आणि कोणाचे सरकार चांगले यावर थट्टाही होते.

परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. दोघींच्या पदरात पडणारा रुपया एकच आहे, आणि तो काढणारी रिझर्व्ह बँकही एकच आहे. तिजोऱ्या मात्र दोन आहेत, एक बंगळुरूची व एक मुंबईची. कर्नाटकाने २०२४-२५ साली आपल्या पाच हमी योजनांसाठी सुमारे ५२,००० कोटी रुपये धरले होते. महाराष्ट्राने लाडकी बहीण योजना जाहीर करताना वर्षाला सुमारे ४६,००० कोटींचा खर्च सांगितला होता. हा पैसा करातून यावयाचा, आणि कर पुरला नाही तर कर्जातून. तिसरा मार्ग या दोन्ही राज्यांना नाही, कारण नोटा छापण्याचा अधिकार त्यांच्या हाती नाही.

नाणे एक असणे ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण आपल्या वाडवडिलांच्या काळी तसे नव्हते. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले, आणि इंग्रजी सहा रुपयांस हाली सात रुपये असा साधारण भाव असे. बेळगावातून गोव्यात उतरणाऱ्या व्यापाऱ्याला १९६१ पर्यंत पोर्तुगीज सरकारचे नाणे हाताळावे लागे. सराफाची बट्टा कापून घेण्याची रीत त्या काळची. पुढे हे सर्व जाऊन देशभर एक रुपया झाला. व्यापाऱ्याचा बट्टा वाचला, नोकरीसाठी परमुलखात गेलेल्या माणसाला घरी पैसा धाडणे सोपे झाले. एका नाण्याचा हा लाभ मोठाच आहे.

तथापि त्या लाभाची किंमतही आहे. ज्या सरकारचे स्वतःचे नाणे असते, त्याला अडचणीच्या वेळी एक वाट मोकळी असते. ते आपल्या नाण्याचा भाव उतरवू शकते. आपल्या देशाने ६ जून १९६६ रोजी डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे केला. १९९१ च्या जुलैत परकीय चलनाची गंगाजळी आटली तेव्हा पुन्हा रुपयाचा भाव उतरविला, आणि सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. भाव उतरला की बाहेरून येणारा माल महागतो, आपला माल परदेशात स्वस्त होऊन अधिक खपतो, आणि आपल्याच नाण्यात घेतलेल्या कर्जाचे ओझे महागाईमुळे थोडे हलके होते. हे फुकट होत नाही. महागाईच्या रूपाने प्रत्येक घर त्याची किंमत देते. पण निदान ते दुःख सर्वांत वाटले जाते. कर्नाटकावर किंवा महाराष्ट्रावर तशी पाळी आली तर त्या राज्यास रुपयाचा भाव एकट्यापुरता उतरविता येणार नाही. त्याला कर वाढवावा लागेल, खर्च तोडावा लागेल, नाहीतर दुसऱ्याच्या मदतीकडे पाहावे लागेल.

मदत करणारा कोणी नसेल तर काय होते, याचा धडा युरोप खंडाने दिला आहे. १९९२ साली मास्ट्रिक्ट या गावी करार होऊन तेथील देशांनी एक नाणे काढण्याचे ठरविले. १९९९ साली अकरा देशांनी युरो हे नाणे हिशेबापुरते स्वीकारले, २००१ मध्ये ग्रीस त्यात आला, आणि १ जानेवारी २००२ पासून नोटा व नाणी लोकांच्या हाती आली. करारात दोन अटी होत्या. वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा तीनपेक्षा अधिक नसावी, आणि एकूण कर्ज शेकडा साठपेक्षा अधिक नसावे. शिवाय एका देशाचे कर्ज दुसऱ्याने आपल्या अंगावर घ्यावयाचे नाही, असाही नियम होता. म्हणजे नाणे सर्वांचे, परंतु तिजोरी ज्याची त्याची.

प्रारंभी सारे सुरळीत चालले. ग्रीस व जर्मनी एकाच नाण्याचे, म्हणून सावकारांनी दोघांना जवळजवळ सारख्याच व्याजाने पैसे दिले. स्वस्त पैसा मिळाला की हात सैल होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. २००९ च्या ऑक्टोबरात ग्रीसमध्ये नवे सरकार आले आणि आधी सांगितलेली तुटीची रक्कम खोटी असल्याचे त्याने उघड केले. पुढे हिशेब तपासला तेव्हा त्या वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा पंधराच्या वर निघाली. सावकार घाबरले, व्याज कडाडले. मे २०१० मध्ये युरोपीय देशांनी व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मिळून ११० अब्ज युरोंचे कर्ज मंजूर केले, परंतु त्याच्या अटी अतिशय कडक होत्या. निवृत्तिवेतने कापली, पगार कापले, कर वाढविले. २०१२ साली खाजगी सावकारांना आपल्या मुद्दलाच्या निम्म्याहून अधिक रकमेवर पाणी सोडावे लागले. २०१३ मध्ये ग्रीसमध्ये काम शोधणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे सत्तावीस बेकार होते. २०१५ च्या जून-जुलैत तीन आठवडे बँका बंद राहिल्या, आणि यंत्रातून दिवसाला फक्त ६० युरो काढता येत. म्हातारी माणसे बँकेच्या दारात रांगा लावून उभी असलेली चित्रे आपणही त्या वेळी वर्तमानपत्रांत पाहिली असतील.

यावरून कोणी म्हणेल, की ग्रीसने उधळपट्टी केली, त्याचे फळ त्याला मिळाले. हे अर्धे सत्य आहे. हिशेब लपविणे हा अपराधच होता. पण आयर्लंडचे उदाहरण घ्या. २००७ साली आयर्लंडचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढेच होते. सरकार काटकसरी होते. तेथील बँकांनी मात्र घरबांधणीवर भरमसाट कर्जे दिली, ती बुडाली, आणि सरकारने बँकांची जोखीम आपल्या शिरावर घेतली. पाचच वर्षांत सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाहूनही अधिक झाले. २०१० च्या नोव्हेंबरात त्यालाही ८५ अब्ज युरोंच्या मदतीसाठी हात पसरावा लागला. आणि नियमांबद्दल म्हणाल, तर २००३ च्या सुमारास तुटीची मर्यादा ओलांडणाऱ्यांत जर्मनी व फ्रान्स हे मोठे देशच होते. त्यांना दंड झाला नाही.

तेव्हा युरोपचा खरा दोष एकट्या ग्रीसमध्ये शोधून भागत नाही. एक नाणे घेतले, पण वाईट दिवसांसाठी सर्वांची मिळून एक पेटी ठेवली नाही, हा तो दोष. पाण्यात पडल्यावर पोहावयास शिकावे तसे ते नंतर शिकले. २०१२ च्या जुलैत तेथील मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी युरो वाचविण्यासाठी जरूर ते सारे करू असे जाहीर केले, आणि तेवढ्या आश्वासनानेच व्याज उतरू लागले. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा युरोपीय संघाने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर, ७५० अब्ज युरोंची योजना करून, सर्वांच्या नावाने कर्ज काढावयाचे ठरविले. जे १९९२ साली नको म्हटले होते, ते अठ्ठावीस वर्षांनी काही अंशी तरी करावे लागले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या राज्यघटनेने ही पेटी आरंभापासूनच ठेवली आहे. कलम २८० प्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो. पहिला आयोग १९५१ साली क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली बसला. केंद्राने गोळा केलेल्या करांपैकी किती राज्यांना द्यावयाचे आणि कोणत्या राज्यास किती, हे तो आयोग सुचवितो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटणीयोग्य करांचे शेकडा ४१ राज्यांना दिले. वाटणी करताना शंभरपैकी ४५ गुण या एकाच कसोटीला होते, की राज्याचे दरडोई उत्पन्न संपन्न राज्यांहून किती कमी आहे. अधिक गरीब, त्याला अधिक वाटा.

दुसरीकडे कर्जावर लगामही ठेवला आहे. कलम २९३ प्रमाणे, केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्यास केंद्राच्या संमतीवाचून नवे कर्ज काढता येत नाही. राज्यांची खाती रिझर्व्ह बँकेत असतात. ठरलेल्या मर्यादेबाहेर पैसे उचलण्याची, म्हणजे ओव्हरड्राफ्टची, राज्यांना सवय लागली होती, म्हणून १९८५ साली तिला नियम घातले गेले. पुढे अशी उचल सलग १४ कामाच्या दिवसांवर गेली की राज्याचे धनादेश थांबवावयाचे, असे ठरले. कर्नाटकाने तर २००२ सालीच वित्तीय जबाबदारीचा कायदा करून स्वतःला बांधून घेतले, आणि असा कायदा करणारे ते पहिले राज्य ठरले. महाराष्ट्राने २००५ साली तसा कायदा केला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात कर्नाटकाचे एकूण देणे सुमारे ७ लाख ६५ हजार कोटी, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या शेकडा पंचविसाच्या किंचित आत दाखविले होते. महाराष्ट्राचे त्याच वर्षाचे देणे सुमारे ९ लाख ३२ हजार कोटी होते. आकडे ऐकून छाती दडपते, पण कर्ज हे उत्पन्नाच्या मानाने पाहावयाचे असते. ते कशासाठी काढले, हेही तितकेच पाहावयाचे असते. धरणासाठी काढलेले कर्ज धरणाच्या पाण्यातून फिटू शकते. नित्याच्या खर्चासाठी काढलेले कर्ज मात्र आपल्या मुलांच्या करातूनच फेडावे लागते.

पेटीचा उपयोग कसा होतो, याचे एक ताजे उदाहरण आपल्या तंबाखूच्या गावाशी जोडलेले आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांनी आपले बरेच कर सोडून दिले. त्या बदल्यात पाच वर्षे तूट भरून देण्याचे वचन केंद्राने दिले होते. करोनात उत्पन्न बुडाले, भरपाईची पेटी रिकामी झाली. तेव्हा केंद्राने राज्यांसाठी आपल्या नावाने कर्ज काढले. २०२०-२१ साली १ लाख १० हजार कोटी, आणि पुढच्या वर्षी १ लाख ५९ हजार कोटी. राज्यांनी सुटे सुटे काढले असते त्याहून हे स्वस्त पडले. ते फेडावयाचे भरपाई उपकरातून. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारी वगैरेंवरचा हा उपकर उठविला गेला, पण तंबाखू व पानमसाल्यावर तो कर्ज फिटेपर्यंत ठेवावयाचे ठरले. विडीवर हा उपकर नव्हता. तरी तंबाखूच्या व्यापाऱ्याला मी म्हणेन, की आपल्या मालातून गेलेल्या पैशाने निरनिराळ्या राज्यांतील शाळामास्तरांचे पगार त्या वाईट वर्षी निघाले असतील.

अर्थात या व्यवस्थेत तक्रार नाही असे नव्हे. चौदाव्या आयोगाने कर्नाटकास राज्यांच्या वाट्यापैकी शेकडा ४.७१३ दिले होते, ते पंधराव्याने ३.६४७ केले. बिहारला त्याच वाटणीत शेकडा १०.०५८ मिळाले. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी कर्नाटकाचे मुख्यमंत्री आपले मंत्री घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसले, ते याच दुःखाने. केरळने कर्जाच्या मर्यादेवरून सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो प्रश्न घटनापीठाकडे गेला. आम्ही अधिक देतो व कमी घेतो, हे म्हणणे महाराष्ट्रातही ऐकू येते. मी या तक्रारींना खोट्या म्हणत नाही. देणाऱ्यास हिशेब मागता आला पाहिजे, आणि वाटणीची कसोटी वरचेवर तपासली गेली पाहिजे. पण लक्षात घ्या, भांडण वाटणीच्या मापाचे आहे. पेटीच फोडून टाका, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले नाही. पेटी नसली म्हणजे काय होते, ते ग्रीसच्या म्हाताऱ्यांनी पाहिले आहे.

मित्रहो, आता मी आपल्या ट्रस्टकडे येतो. या व्याख्यानाच्या तयारीसाठी चिटणीसांनी मला जुन्या खातेवह्या पाहू दिल्या. त्यांत मी १९९८ सालचे पान काढले. ते वर्ष मला आठवते. माझी अम्मा येथेच निपाणीत विड्या वळीत असे, आणि मी पदवीच्या पहिल्या वर्षात होतो. फी भरावयाची होती, व घरात पैसा नव्हता. ट्रस्टने मला ती रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून दिली. त्या पानावर माझे नाव आहे, पुढे रक्कम आहे. त्याच पानाखाली गावोगावची वर्गणी लिहिली आहे. त्या वर्षी निपाणीची वर्गणी एवढी कमी होती, की निपाणीच्या आम्हा मुलांना दिलेल्या रकमेच्या ती निम्मीही भरत नव्हती. उरलेला पैसा बेळगाव व कोल्हापूरच्या सभासदांचा होता. गेल्या सभेतील सूचना त्या वर्षी अमलात असती, तर मी आज आपल्यापुढे उभा नसतो. मी बी.एड. होऊन नोकरीस लागल्यावर २००९ साली शेवटचा हप्ता फेडला, त्याचीही नोंद वहीत आहे. तो पैसा पुढे कोणत्या गावच्या मुलाला गेला, ते मी मुद्दाम पाहिले नाही.

म्हणून माझे मत मी स्पष्ट सांगतो. पेटी सर्वांची एकच राहू द्या. ज्या गावाला आज गरज नाही, त्याला उद्या पडणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. मात्र त्याबरोबर तीन गोष्टी आपण स्वीकाराव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. पहिली, दरवर्षी प्रत्येक गावची जमा आणि त्या गावी झालेला खर्च भर सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. देणे-घेणे लिहून ठेवा, ही तर आपल्याला धर्माचीच आज्ञा आहे. ग्रीसची सारी विपत्ती न लिहिलेल्या आकड्यांतून सुरू झाली. दुसरी, मदतीची कसोटी आधी ठरवून जाहीर करावी, आणि वित्त आयोगाप्रमाणे दर पाच वर्षांनी ती तपासावी. त्या तपासणीत अधिक वर्गणी देणाऱ्या गावांचे सभासद अवश्य असावेत. तिसरी, मुलींच्या वसतिगृहासारख्या टिकाऊ कामासाठी कर्ज काढावयास हरकत नाही, परंतु दरसालच्या शिष्यवृत्त्या कधीही कर्जातून देऊ नयेत, आणि बऱ्या वर्षातील थोडी शिल्लक वाईट वर्षासाठी बाजूला ठेवावी.

आपले सभासद आज कोगनोळीच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंस आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही गावे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आली. त्यानंतर या भागाने पुष्कळ ओढाताण पाहिली, आणि तिचा निकाल लावणे हे माझे काम नव्हे. आपल्यापुढचा निकाल लहान आहे. पुढील सभेत तो आपणच द्यावयाचा आहे. ज्या वहीत माझे नाव लिहिले गेले, त्याच वहीत पुढच्या वर्षी कोणा विडीकामगार बाईच्या मुलीचे नाव लिहिले जाणार की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. मत देण्यापूर्वी आपण याचा विचार करावा.